बोरिंगच्या पाण्याला पेट्रोलचा वास : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

मालव्यातील विहिरी आणि बोरिंग यांविषयी या सदरात लिहिल्यानंतर इंदूरहून जी पत्रे आली, त्यांपैकी पाच पत्रे एकाच काळजीची निघाली. पेट्रोल पंपाच्या किंवा वर्कशॉपच्या जमिनीखालील टाकीतून इंधन झिरपत असेल, तर ते कसे ओळखावे, कसे सिद्ध करावे आणि तोवर पाण्याचे काय करावे, अशी ती काळजी आहे. या वेळचे सदर त्या पाच पत्रांसाठीच ठेवले आहे.

प्रश्न : आमच्या कॉलनीचे सामाईक बोरिंग सुमारे 120 मीटर खोल आहे. गेली दोन वर्षे पहिल्या मोठ्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांनी पाण्याला पेट्रोलसारखा वास येऊ लागतो आणि दिवाळीनंतर तो हळूहळू नाहीसा होतो. सुमारे दीडशे मीटरवर एक जुना पेट्रोल पंप आहे, पण आपल्या टाक्यांचा याच्याशी संबंध नाही, असे चालक सांगतात. आम्ही मे महिन्यात पाणी तपासून घेतले, तेव्हा अहवाल ‘पिण्यायोग्य’ असा आला. मग आम्हाला येणारा वास हा भासच समजावा का? — रहिवासी संघाचे सचिव, इंदूर

भास मुळीच नाही. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची नोंद वासाची नसून त्याच्या वेळापत्रकाची आहे. वास पावसाबरोबर येतो आणि हिवाळ्यात जातो, हे आपण दोन वर्षे लक्षात ठेवले, त्यामुळे तपासाची दिशा जवळजवळ ठरलीच आहे.

इंदूरच्या जमिनीत वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग सांधे आणि भेगा असलेला काळा पाषाण, आणि लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये कुठेकुठे लालसर चिकट मातीचा पातळ पदर, अशी रचना सर्वसाधारणपणे आढळते. टाकीतून किंवा तिच्या नळीतून गळलेले पेट्रोल प्रथम सरळ खाली उतरते. वाटेतल्या मातीच्या कणांना थोडेथोडे चिकटत ते भूजलाच्या पातळीपर्यंत पोहोचते, आणि पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तेथे पाण्यावर पसरते. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की हा थरही तिच्यामागे खाली जातो. पावसाळ्यात पाणी वर चढते, तेव्हा मुरमाच्या फटींत अडकून राहिलेले पेट्रोल पाण्याखाली सापडते आणि त्यातील विरघळणारे घटक पाण्यात उतरू लागतात. अशा रीतीने वर्षानुवर्षांच्या चढउतारात जमिनीचा काही मीटर जाडीचा पट्टा पेट्रोलने माखला जातो. आपल्या बोरिंगला केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून घातलेली नळी, बहुधा कठीण खडक लागेपर्यंतच घातलेली असेल. तिच्या तळाशी किंवा लगेच खाली असलेल्या भेगा पावसाळ्यात भरून वाहतात, तेव्हा वरच्या थरातले दूषित पाणी बोरिंगमध्ये उतरते. मे महिन्यात त्याच भेगा कोरड्या असतात आणि पंप केवळ खोल थराचे स्वच्छ पाणी उपसतो. म्हणून आपला मे महिन्यातील अहवाल खोटा नसला, तरी आपल्या प्रश्नाचे उत्तर त्यात नाही. शिवाय पिण्यायोग्यतेच्या नेहमीच्या तपासणीत क्षार, कठीणपणा, नायट्रेट, जिवाणू यांचाच विचार होतो. पेट्रोलचे घटक मुद्दाम मागितल्याशिवाय कोणतीही प्रयोगशाळा ते शोधत नाही.

तेव्हा पुढील नमुना ऑगस्टमध्ये, वास सर्वाधिक असताना घ्यावा, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलीन, एमटीबीई (पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एक द्रव्य) आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन यांची तपासणी लेखी मागावी. नमुना घेण्याच्या पद्धतीवर मी थोडा अधिक वेळ घेतो, कारण बहुतेक प्रकरणे येथेच बिघडतात. पाण्याची अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली या कामासाठी निरुपयोगी आहे. बेंझिन वरच्या हवेत उडून जाते आणि अहवाल निर्दोष येतो. प्रयोगशाळेकडून 40 मिलिलिटरच्या काचेच्या कुप्या मागून घ्याव्यात. त्यांत आम्लाचे काही थेंब आधीच घातलेले असतात, म्हणून त्या विसळू नयेत. पाणी बादलीत न पाडता नळीने हळूच कुपीच्या आतील कडेवरून सोडावे, काठोकाठ भरून पाण्याचा फुगवटा काठावर दिसू लागला की टेफ्लॉनच्या चकतीचे झाकण लावावे, आणि कुपी उलटी करून तळहातावर हलकेच आपटून पाहावी. मोहरीएवढा बुडबुडा जरी वर सरकताना दिसला, तरी ती कुपी बाजूला ठेवून नवी भरावी. कुप्या बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी द्याव्यात. आम्ल घातलेला आणि थंड ठेवलेला नमुनाही 14 दिवसांच्या आत तपासला गेला पाहिजे.

पाण्यावर रंगीत तवंग दिसतो, असे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. तवंग म्हणजे तेलच, असे मात्र नाही, कारण लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचाही असाच चमकदार पापुद्रा बनतो. काडीने तो हलवून पाहावा. जिवाणूंचा पापुद्रा काचेसारखा तुकड्यांत फुटतो आणि तुकडे वेगळेच राहतात. तेलाचा तवंग काडीभोवती वळतो आणि पुन्हा एकजीव होतो.

आता गळती पंपाचीच आहे का, या प्रश्नाकडे वळू. पाण्यात बेंझिन सापडले, तरी तेवढ्याने पंप दोषी ठरत नाही. त्याच परिसरात एखाद्या इमारतीच्या जनरेटरची डिझेलची टाकी, गाड्या दुरुस्तीचे वर्कशॉप किंवा पूर्वी बंद पडलेला पंपही असू शकतो. पेट्रोल आणि डिझेल यांच्या घटकांची ठेवण निराळी असते, त्यामुळे प्रयोगशाळेने गॅस क्रोमॅटोग्राफचा, म्हणजे घटक वेगवेगळे करून दाखवणाऱ्या यंत्राचा, पूर्ण आलेख दिला तर या दोहोंत भेद करता येतो. तो आलेख अवश्य मागून घ्यावा. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे भूजल कोणत्या दिशेने वाहते हे समजणे, आणि त्यासाठी एका ओळीत नसलेल्या किमान तीन विहिरींची पाणीपातळी एकाच दिवशी, एकाच समान संदर्भ-उंचीपासून मोजावी लागते. ज्या बोरिंगवर पंप चालू आहे, त्याची पातळी यात धरू नये. काळ्या पाषाणात पाणी भेगांच्या कलाने जाते, म्हणून अशा त्रिकोणातून निघालेली दिशा हा अंदाज समजावा आणि वर्षातून निदान दोनदा, उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाळ्याच्या शेवटी, मोजणी पुन्हा करावी.

खरा तपास निरीक्षण विहिरींनी होतो. टाक्यांच्या खड्ड्याजवळ, नळ्यांच्या मार्गालगत आणि उताराच्या दिशेला उथळ विहिरी घेतात, त्यांतील जाळीदार नळी पातळीच्या सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या खुणेला व्यापेल अशी बसवतात, आणि छेदताना दर मीटरच्या मातीतील बाष्प हातातील यंत्राने मोजतात. आपल्याकडे बोरिंग खोदणारी गाडी दाबाच्या हवेने खडक फोडते. त्या हवेने पेट्रोलचे बाष्प उडून जाते आणि कॉम्प्रेसरचे तेल मात्र नमुन्यात येऊ शकते, म्हणून मुरमाच्या थरापर्यंत हाताच्या ऑगरने (माती पोखरण्याच्या गिरमिटाने) किंवा हवेशिवाय चालणाऱ्या यंत्राने छेद घ्यावा, असा आग्रह धरावा. काही वर्षांपूर्वी अशाच एका विहिरीत आम्ही पारदर्शक नळी सोडली. ती वर आली तेव्हा खाली स्वच्छ पाणी होते आणि त्यावर कोऱ्या चहाच्या रंगाचा दोन बोटे जाडीचा थर उभा होता. उन्हात धरल्यावर त्या दोहोंमधली रेघ सुरीने कापल्यासारखी दिसत होती. शेजारच्या घरातील वृद्ध गृहस्थ तो पाहून बराच वेळ काही बोलले नाहीत, कारण त्या बाजूचे पाणी ते अनेक वर्षे तुळशीला घालत होते. अशा वेळी एक सावधगिरी आवश्यक असते : चिकट मातीत विहिरीतला थर प्रत्यक्ष जमिनीतल्या थरापेक्षा जाड दिसतो, म्हणून त्या जाडीवरून एकूण गळतीचा हिशेब मांडू नये.

प्रश्न : तपास होईपर्यंत हे पाणी उकळून किंवा आरओ मशीनमधून गाळून वापरले तर चालेल का? वास फारसा येत नसेल तेव्हा आंघोळीला तरी वापरावे का? — एक गृहिणी, इंदूर

नाही, ताई. उकळल्याने जंतू मरतात. बेंझिन मात्र मरत नाही, ते वाफेबरोबर स्वयंपाकघराच्या हवेत येते आणि घरातील सर्वांच्या श्वासात जाते. गरम पाण्याच्या आंघोळीतही हेच घडते, आणि बंद न्हाणीघरात ते अधिक घडते. आरओ मशीनमधील अतिनील दिव्याचा येथे उपयोग नाही. त्यातले कोळशाचे फिल्टर काही काळ बेंझिन धरून ठेवते, पण ते केव्हा भरले हे घरी कळण्याचा मार्ग नसतो.

वासावर भरवसा ठेवू नका, हे मी विशेष आग्रहाने सांगतो. बेंझिन हे माणसाला कर्करोग करणारे द्रव्य म्हणून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम ठेवली आहे. नाकाला बेंझिनचा वास जाणवू लागतो तो याच्या कितीतरी पट पुढे गेल्यावर. आपल्याकडील पेट्रोलमध्ये बेंझिन जास्तीत जास्त 1 टक्का असते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 8 ग्रॅम, आणि ते सगळे विरघळले तर आठ लाख लिटर पाण्याला या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे. पिण्यासाठी, स्वयंपाकासाठी आणि आंघोळीसाठी नर्मदेच्या नळाचे पाणीच घ्यावे, आणि बोरिंगचा पंप बंद ठेवावा. सतत उपसा केल्यास दूषित पाणी आणखी आपल्याकडे ओढले जाते.

एक धोका याहूनही तातडीचा आहे. पेट्रोलचे बाष्प हवेपेक्षा जड असते आणि तळघरात, पंपाच्या खड्ड्यात, ड्रेनेजच्या चेंबरमध्ये साचून राहते. तेथे वास आला तर दिव्याचे बटण चालू किंवा बंद न करता बाहेर पडावे आणि अग्निशमन दलाला कळवावे. मेक्सिकोतील ग्वादालाहारा शहरात 22 एप्रिल 1992 रोजी भूमिगत वाहिनीतून गळलेले पेट्रोल गटारांत शिरून स्फोट झाले आणि 200हून अधिक माणसे मेली. तेथील रहिवासी आदल्या काही दिवसांपासून वासाची तक्रार करीत होते.

प्रश्न : माझे वडील पेट्रोल पंप चालवतात. आमच्या 20 किलोलिटरच्या टाकीत रोजच्या हिशेबात थोडी घट दिसते. बाष्पीभवनाची घट आणि गळतीची घट यांत फरक कसा करावा? शेजाऱ्यांच्या मनात संशय असल्याने आम्हालाही झोप लागत नाही. — एक वाचक, इंदूर

आपण हे विचारले याबद्दल मला आपल्याविषयी आदर वाटतो. गळतीची पहिली खूण शेजाऱ्याच्या विहिरीत दिसण्याआधी पंपाच्या वहीतच उमटलेली असते.

पेट्रोल दर अंश सेल्सिअसला सुमारे एक हजारांश भागाने फुगते किंवा आकसते. उन्हात तापून आलेल्या टँकरमधील 20,000 लिटर माल टाकीत 10 अंशांनी थंड झाला, तर 200 लिटरच्या आसपास ‘घट’ दिसते आणि एक थेंबही गळलेला नसतो. उलट दर सेकंदाला एक थेंब, एवढी बारीक गळती दिवसाला केवळ चार-साडेचार लिटरची असते आणि ती या चढउतारात सहज दडते, पण वर्षाला ती दीड हजार लिटरच्या पुढे जाते. म्हणून रोजच्या एका आकड्याकडे पाहून घाबरू नये किंवा निश्चिंतही होऊ नये. डिपच्या, म्हणजे टाकीत पट्टी बुडवून घेतलेल्या पातळीच्या, प्रत्येक नोंदीसोबत तापमान आणि घनता लिहावी, सर्व आकडे एकाच तापमानाला बदलून घ्यावेत आणि फरकाची बेरीज महिनाभर चालवावी. मोजणीतल्या चुका कधी अधिक, कधी उणे येऊन एकमेकींना खोडतात. गळतीचा आकडा मात्र नेहमी उणेच पडतो आणि बेरजेची रेघ सतत खाली जात राहते.

त्यानंतर ही घट वेळेच्या प्रमाणात आहे की विक्रीच्या, ते पाहावे. रात्री विक्री बंद असताना पातळी उतरत असेल, तर संशय टाकीवर येतो. विक्री जास्त झालेल्या दिवशी घट जास्त आणि बंद रात्री शून्य असे दिसले, तर एकतर मीटर जास्त देत आहे किंवा नळीत दोष आहे. टाकीत बुडवलेला पंप माल दाबाने ढकलत असेल, तर सांध्यातील चीर पंप चालू असतानाच पेट्रोल बाहेर टाकते; वरून ओढणाऱ्या जुन्या पद्धतीत तीच चीर हवा आत घेते आणि डिस्पेन्सर (गाडीत इंधन भरणारे यंत्र) अडखळतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, आणि या दरवर्षीच्या हालचालीचा ताण नळ्यांच्या सांध्यांवर येतो. म्हणून आधी नळ्यांची दाबचाचणी करावी, असे माझे मत आहे, कारण टाकीकडे सर्वांचे लक्ष असते आणि नळ्या विसरल्या जातात.

पावसाळ्यात भूजल टाकीच्या तळापेक्षा वर आले, तर छिद्रातून पेट्रोल बाहेर जाण्याऐवजी पाणी आत येऊ शकते. डिप रॉडला लावलेली पाण्याची पेस्ट रंग बदलते, ती याच वेळी काळजीने पाहावी. मात्र आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि थोडे पाणी त्यात मिसळून जाते, त्यामुळे पेस्टला काहीच न दिसताही पाणी शिरलेले असू शकते. ते वाढले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर बनतो आणि ग्राहकांच्या गाड्या बंद पडू लागतात. अशी तक्रार आली, तर ती केवळ भेसळीची बाब न समजता टाकीची चाचणी त्याच आठवड्यात करून घ्यावी आणि तेल कंपनीला लेखी कळवावे. चाचणीचा अहवाल निर्दोष आला, तर तो शेजाऱ्यांना दाखवण्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : एका बंद वर्कशॉपचा प्लॉट घर बांधण्यासाठी घेण्याचा विचार आहे. तेथे जुनी भूमिगत टाकी होती, पण ती ‘रिकामी करून बुजवली’ आहे, असे मालक म्हणतात. — एक वाचक, इंदूर

टाकी बुजवली तरी तिच्या भोवतीची माती तीच राहते. सौद्यापूर्वी टाकी कोणाच्या देखरेखीखाली रिकामी झाली, आतील बाष्प काढल्याचे प्रमाणपत्र आहे का आणि तळाखालील मातीचा नमुना तपासला होता का, हे तीन कागद मागावेत. ते नसतील, तर टाकीच्या दोन्ही टोकांशी, इंधन ओतण्याच्या तोंडाजवळ आणि नळीच्या मार्गावर माती तपासून घ्यावी. ओतताना सांडलेल्या मालाने तोंडाजवळची जागा बहुधा सर्वांत जास्त माखलेली असते. एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही : अशा प्लॉटवर छतावरच्या पाण्याचा शोषखड्डा टाकीच्या जागेजवळ कदापि घेऊ नये. एरवी तो खणणे पुण्याचे काम आहे, परंतु येथे तो दरवर्षी अडकलेले पेट्रोल धुऊन भूजलात पोहोचवेल.

प्रश्न : गळती सिद्ध झाली तर दाद कोठे मागावी, आणि जमीन व पाणी पुन्हा शुद्ध होते का? — कॉलनीतील एक निवृत्त अभियंता, इंदूर

टाक्यांचा परवाना आणि सुरक्षा हा विषय पेट्रोलियम नियम, 2002 खाली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेकडे आहे, आणि पाण्याचे प्रदूषण राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. अर्ज दोन्हीकडे द्यावा आणि जिल्हाधिकाऱ्यांना प्रत पाठवावी. केंद्र सरकारने 2025 मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले असून, संशयित स्थळाची प्राथमिक आणि सविस्तर तपासणी मुदतीत करण्याची आणि खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घेण्याची व्यवस्था त्यांत आहे. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये राजस्थानातील बिछडी गावच्या प्रकरणात लागू केले. तेथेही कारखान्यांच्या सांडपाण्याने गावाच्या विहिरी नासल्या होत्या. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मध्य विभागीय पीठ भोपाळला आहे. नुकसानभरपाई आणि पुनर्स्थापनेसाठीच्या अर्जाला कारण प्रथम घडल्यापासून पाच वर्षांची मुदत आहे, तर पर्यावरणविषयक इतर वादांसाठी सहा महिन्यांचीच. म्हणून वास पहिल्यांदा कधी आला, ती तारीख संघाच्या इतिवृत्तात आजच लिहून ठेवावी.

शुद्धीकरणाविषयी आशा बाळगण्यास जागा आहे. मातीतील जिवाणू पेट्रोलचे घटक खातात, हे अमेरिकेतील बेमिजी येथे 1979 साली फुटलेल्या खनिज तेलाच्या वाहिनीच्या जागी दशकानुदशके चाललेल्या अभ्यासाने चांगले दाखवून दिले आहे. जिवाणूंना ऑक्सिजन मिळाला की हे काम जलद होते. एमटीबीईसारखी काही द्रव्ये मात्र सहजी खाल्ली जात नाहीत आणि पाण्याबरोबर दूरवर जातात. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला त्यापायी 1996 मध्ये पिण्याच्या पाण्याच्या अनेक विहिरी बंद कराव्या लागल्या. इथेनॉलचेही एक अवघड अंग आहे : जिवाणू आधी तेच खातात, त्यात ऑक्सिजन संपतो आणि बेंझिन अधिक काळ टिकते. म्हणून ‘निसर्ग करील’ असे म्हणून कोणी हात झटकू लागला, तर ते मान्य करू नये. आधी गळती थांबवणे, पाण्यावरचे मोकळे पेट्रोल काढून घेणे आणि जमिनीतले बाष्प ओढून घेणे, ही कामे व्हावीत. त्यानंतरच निसर्गावर सोपवायचे ते सोपवावे, आणि तेही दर तिमाहीत विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, लोह, सल्फेट आणि बेंझिन मोजत राहून.

अर्जासोबत वासाच्या तारखा, तीन विहिरींच्या पातळ्या आणि ऑगस्टमधील कुप्यांचा अहवाल जोडावा. मोजपट्टी आणि नोंदवही कॉलनीतल्या कोणाही एकाकडे कायमची द्यावी. आपण अभियंता आहात, तेव्हा हे काम आपणच घ्यावे, अशी माझी विनंती आहे.